कॅमेऱ्यापुढे न आलेली पिल्लं

मुंबई-गोवा महामार्गावर सुकेळी खिंड उतरून कोलाडकडे निघालं की खांब हे गाव लागतं. इथे काय, सगळ्या कोकणातच बिबट्याला सर्रास वाघ म्हणतात. वाघ दिसल्याची बातमी आली की माणसं लगेच विचारतात, नर की मादी? पिल्लं आहेत का? संशोधकांनाही हेच हवं असतं. नुसत्या आकड्यावरून जंगलाचं पुढे काय होणार ते कळत नाही. पिल्लं देणाऱ्या माद्या किती, यावरून ते कळतं.

जवळच फणसाड अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान १९८६ साली अभयारण्य झालं. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर जागून इथे प्राणी मोजतात. त्या जागरणाबद्दल मला फार आदर आहे. पण एकच बिबट्या दोन पाणवठ्यांवर गेला, तर त्याचे दोन होतात.

कॅमेरा ट्रॅपमध्ये ही चूक टळते. पायवाटेच्या दोन्ही अंगांना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, दोन कॅमेरे बांधतात. समोरून ऊबदार अंग हललं की फोटो निघतो. दोन अशासाठी, की बिबट्याच्या डाव्या कुशीवरची ठिपक्यांची नक्षी उजवीपेक्षा वेगळी असते, आणि दुसऱ्या कुठल्याही बिबट्याशी ती जुळत नाही. एकेकच कूस टिपली, तर एका जनावराच्या दोन नोंदी व्हायची भीती.

मग नर की मादी हे ठरवायला फोटो निरखायचा. शेपटी वर असेल तर वृषण दिसतात, काम सोपं होतं. नाहीतर रुंद डोकं, जाड मान, गळ्याखाली लोंबणारी कातडी हे पाहायचं. तरीही काही फोटो दाद देत नाहीत. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१८ साली ४७ बिबटे ओळखले गेले: १७ नर, २७ माद्या आणि तिघांचं लिंग अज्ञात. ते तसंच लिहिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

खरी अडचण पुढे आहे. नराचा वावर मोठ्या टापूत असतो, म्हणून तो जास्त कॅमेऱ्यांपुढून जातो. लहान पिल्लांची मादी थोड्याच जागेत फिरते. दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांमधलं अंतर जास्त असलं तर ती निसटतेच. म्हणून फोटोंची बेरीज म्हणजे गणना नव्हे. कोण, कुठे, किती वेळा दिसला यावरून नराची आणि मादीची दिसण्याची शक्यता वेगवेगळी काढतात आणि न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. वर्षाच्या आतली पिल्लं बहुधा या हिशेबात धरतच नाहीत. ती कॅमेऱ्यापुढे क्वचित येतात आणि त्यांतली बरीच जगत नाहीत.

अशा वेळी एखादा फोटो हाती लागतो. वाटेवर मादी एकटीच आहे, मागेपुढे कोणी नाही, पण पोटाखालचे सड भरून ओघळलेले आहेत. पिल्लांचा रकाना कोराच राहतो. ती दूध पाजून आलेली आहे, किंवा पाजायला निघालेली आहे.