इंग्रजीत 68 मार्क, तरी सूचनांचा कागद का कळत नाही?

आजचा एपिसोड साधारण दहा मिनिटांचा आहे. म्हणजे चाकणच्या तळेगाव चौकात तुमची बस अडकली असेल, तर चौक पार व्हायच्या आधी नक्की संपेल.

गेल्या आठवड्यात भोसरीहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्या भावाला दहावीला इंग्रजीत 68 मार्क. मग आयटीआय केलं, आणि आता चाकणला अप्रेंटिस म्हणून लागतोय. जॉइन होताना हातात चार पानी इंग्रजी सूचना दिल्या, खाली सही करायची. पोराने चारही पानं न अडखळता मोठ्याने वाचून दाखवली. ताईंनी विचारलं, "काय लिहिलंय रे?" तर म्हणाला, "सेफ्टीचं काहीतरी आहे." ताईंचा प्रश्न एवढाच, की मग ते 68 मार्क कशाचे होते?

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तराआधी एक छोटा पेपर देतो. हे इंग्रजी वाक्य ऐका: "द ब्लिफ झॉक्ड थ्री ट्रोम्स बिफोर द स्लाप अराइव्ह्ड." आता प्रश्न पहिला, हाऊ मेनी ट्रोम्स डिड द ब्लिफ झॉक? थ्री. प्रश्न दुसरा, व्हेन डिड द ब्लिफ झॉक देम? बिफोर द स्लाप अराइव्ह्ड. शाब्बास, दोनपैकी दोन मार्क! आता सांगा, झालं काय? कुणालाच माहीत नाही, कारण ब्लिफ, झॉक, ट्रोम आणि स्लाप हे शब्द मी आज सकाळी चहा पिताना बनवलेत.

म्हणजे उत्तर बरोबर येण्यासाठी कळावं लागतंच असं नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या शेजारचं उचलायचं आणि उत्तराच्या जागी चिकटवायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला कंट्रोल एफ म्हणतो. पोरं हे तिसरी-चौथीपासून शिकतात आणि त्यात फार तरबेज होतात. दोष त्यांचा नाही. ज्या कामाला मार्क मिळतात ते काम माणूस शिकतोच.

आता बोर्डावर उगाच आग पाखडत नाही. दहावीची इंग्रजीची कृतिपत्रिका कागदावर बघितली तर बरी आहे. त्यात पुस्तकाबाहेरचा उतारा असतो, साध्या माहितीचे प्रश्न असतात, जोडून काढायच्या माहितीचे असतात, शब्दांचे, व्याकरणाचे, आणि शेवटी तुमचं स्वतःचं मत. मजकुरावरून तक्ता भरणं किंवा तक्त्यावरून मजकूर लिहिणं, हेही असतं. अडचण अशी की पुस्तकातल्या धड्यांची उत्तरं गाईडमध्ये तयार मिळतात, आणि शोधा-चिकटवा करून, थोडं व्याकरण पाठ करून, पत्राचा साचा घोकून बऱ्यापैकी मार्क जमतात. त्यात 100 पैकी 20 मार्क तोंडी परीक्षेचे. ताईंच्या भावाचे 68 नेमके कुठून आले ते मला माहीत नाही. पण एकही इंग्रजी परिच्छेद पूर्ण न कळता 68 पडू शकतात, एवढं मी खात्रीने सांगतो.

बरं, या पोरांना इंग्रजी उशिरा सुरू झालं असंही नाही. महाराष्ट्रात मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी सन 2000 मध्ये आलं. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री होते प्रा. रामकृष्ण मोरे. हो, चिंचवडचं नाट्यगृह ज्यांच्या नावाने आहे, तेच. म्हणजे हा भाऊ दहा वर्षं इंग्रजी शिकलाय.

आता थोडे आकडे. 'प्रथम' संस्थेचा 'असर' नावाचा सर्व्हे असतो. तो घरोघरी जाऊन होतो, पण फक्त ग्रामीण भागात. म्हणजे खेड तालुक्यातली गावं त्याच्या कक्षेत येतात, पिंपरी-चिंचवड शहर येत नाही. 2022 च्या फेरीत देशभरात पाचवीतल्या 24.5 टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्यं वाचता आली, आठवीत 46.7 टक्के मुलांना. 2023 ला त्यांनी 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींना तपासलं. 57.3 टक्के जणांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश जणांना अर्थ सांगता आला. गुणाकार करा, शंभरातली 42 च्या आसपास मुलं उरतात. आणि ही अगदी साधी, एका ओळीची वाक्यं होती. चार पानी सूचना नव्हत्या.

या सर्व्हेतली एक गोष्ट मला फार आवडते. अर्थ सांगायचा तो मुलाने आपल्या भाषेत सांगायचा. वाचन तपासायचंय ना, मग उत्तर इंग्रजीत लिहायला कशाला लावायचं? लिहिता आलं नाही म्हणून मार्क गेले, की कळलं नाही म्हणून गेले, हे कळायला मार्गच राहत नाही.

आता माहितीपर मजकूर, म्हणजे गोष्ट नसलेलं लिखाण. सूचना, नियम, अहवाल, औषधाच्या पाकिटातला कागद, लोन ॲपच्या अटी. गोष्टीत पुढे काय झालं असेल याचा अंदाज बांधता येतो. एखादा शब्द सुटला तरी गाडी चालते. सूचनेत असं चालत नाही, कारण तिथे सगळा खेळ बारक्या शब्दांवर असतो. अनलेस, ओन्ली इफ, नॉट मोअर दॅन, प्रायर टू. एक वाक्य घेऊ: "डू नॉट ओपन द गार्ड अनलेस द मशीन हॅज कम टू अ कंप्लीट स्टॉप."

यावर शाळेतला नेहमीचा प्रश्न असेल, "व्हॉट शुड यू नॉट ओपन?" द गार्ड. झालं, एक मार्क.

मी विचारीन: तू बटण बंद केलंस, पण चाक अजून फिरतंय. गार्ड उघडायचा का? इथे कंट्रोल एफ चालत नाही. 'बटण' आणि 'चाक' हे शब्द त्या वाक्यात नाहीतच. 'अनलेस' म्हणजे काय आणि 'कंप्लीट स्टॉप' म्हणजे काय, हे कळलं तरच उत्तर येतं. पॉवर प्रेसचं फ्लायव्हील मोटर बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहतं. त्या प्रेसवर बोटं जाण्याचे अपघात आपल्या पट्ट्याला नवीन नाहीत. या प्रश्नाची किंमत एक मार्क नाही.

म्हणजे चांगल्या प्रश्नाची ओळख सोपी आहे. मजकुरात नसलेली परिस्थिती द्या आणि मजकुराच्या आधारे निर्णय घ्यायला लावा. पंधरा वर्षांच्या मुलांसाठी 'पिसा' नावाची आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे, तिथे वाचनाची तीन कामं धरतात. माहिती शोधणं, अर्थ लावणं, आणि लिहिलंय त्यावर विश्वास ठेवावा का हे जोखणं. आपल्याकडे बहुतेक ताकद पहिल्यावर खर्च होते.

भारतातून तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश या दोन राज्यांनी 2009 च्या पिसामध्ये भाग घेतला होता आणि दोन्ही यादीत तळाशी आली. आपल्याकडून आक्षेप आला की प्रश्न आपल्या मुलांच्या ओळखीच्या जगातले नव्हते. काहींना तो बहाणा वाटला. मला तो पूर्ण बहाणा वाटत नाही, आणि त्यामागे कारण आहे. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोन अमेरिकन संशोधकांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल माहीत नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट ठेवा, लगेच पटेल. म्हणून उतारा निवडताना बघायचं की आपण इंग्रजी तपासतोय की माहिती. प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याच्या मुलाला 'डाय' म्हणजे काय ते आधीच माहीत असतं. तोच मुलगा बर्फावरच्या खेळांचा उतारा आला की गप्प बसतो.

याची चाचणी फुकटात होते. उतारा न देता फक्त प्रश्न चार-पाच मुलांना विचारा. न वाचताच उत्तरं बरोबर आली, तर तो प्रश्न फेकून द्या. तो वाचन तपासतच नाही.

आता ताईंच्या भावाकडे. तो वाचतो, पण कळत नाही, म्हणजे अडलंय नक्की कुठे? गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये एक सोपं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा कळणं. गुणाकार आहे हां, बेरीज नाही. अक्षरं 0.9 आणि भाषा 0.3 असेल तर हातात 0.27 उरतं. अस्खलित वाचन ऐकून आपण फसतो ते इथेच.

मग बग कुठल्या लेयरमध्ये आहे ते शोधायचं. एकच परिच्छेद घ्या, सात-आठ ओळींचा. आधी त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि मराठीत सांगायला सांगा. जमलं नाही, तर तसाच दुसरा परिच्छेद तुम्ही हळू वाचून दाखवा. ऐकून कळलं, तर अक्षरं वाचण्यातच सगळी शक्ती जातेय, त्याला वाचायचा सराव हवा. ऐकूनही कळलं नाही, तर तीच माहिती मराठीत वाचायला द्या. मराठीत फटाफट कळलं, तर अडचण इंग्रजी शब्दांची आणि वाक्यरचनेची आहे, आणि 'अनलेस'सारखे वीस-पंचवीस शब्द पक्के केले तरी बराच फरक पडतो. मराठीतही अडला, तर इंग्रजीच्या क्लासला पैसे घालू नका. आधी मराठीतच सूचना, बातम्या, अर्ज वाचायची सवय लावावी लागेल.

ताई, तुमच्या भावाचं वाचन तर तुम्ही ऐकलंच आहे, त्यामुळे थेट दुसऱ्या पायरीपासून सुरू करा. त्याच चार पानांतला एक परिच्छेद घ्या, सही करायच्या आधी. प्रश्न बनवताना अडलात तर परिच्छेदाचा फोटो पाठवा, कंपनीचं नाव झाकून. आपण इथेच मिळून प्रश्न काढू.