शिवोलीतला एकट्याचा बँड

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याकडे निघालं की चोर्ला घाटाच्या अलीकडे कणकुंबी लागते. इथं माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेच्या दिशेनं चालू लागते. इथलाच कळसा नाला मात्र म्हादईला मिळून पश्चिमेचा समुद्र गाठतो. पंक आणि इंडी रॉकच्या गप्पा निघाल्या की आपली पोरं थेट लंडन-न्यूयॉर्कला पोचतात. माझं म्हणणं, आधी कळशाच्या पाण्यासारखं घाट उतरून बार्देशातल्या शिवोलीपर्यंत जाऊन यावं.

१९८४ साली शिवोलीतल्या आपल्या घरात रेमो फर्नांडिसनं ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. हा माणूस मुंबईच्या जे. जे.मध्ये वास्तुशास्त्र शिकलेला. गाणी त्याची, वाद्यं वाजवणारा तो, सगळे आवाज त्याचेच, कॅसेटच्या वेष्टणावरचं चित्रही त्यानंच काढलेलं. आणि तयार कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर लादून गोवाभर विकत फिरणाराही तोच.

एकटा माणूस बँड होतो कसा? दोन हातांचा माणूस ड्रम, बास, गिटार आणि बासरी एकाच वेळी वाजवू शकत नाही. पण कॅसेटची फीत वाजवू शकते, आणि ही मला आजही जादू वाटते. कॅसेटमधली ती तपकिरी फीत रुंदीला जेमतेम ३.८१ मिलिमीटर. तेवढ्यात चार पट्ट्या मावतात: दोन ‘ए’ बाजूच्या, दोन ‘बी’ बाजूच्या, आणि एकेक पट्टी साधारण ०.६ मिलिमीटरची. घरातला टेप एका वेळी दोनच वाचतो. कॅसेट उलटली की उरलेल्या दोन.

१९७९ साली जपानच्या टॅस्कॅम कंपनीनं ‘पोर्टास्टुडिओ’ बाजारात आणला. त्यात कॅसेट उलटायचीच नाही. चारही पट्ट्या एकाच दिशेनं, प्रत्येकीवर वेगळं ध्वनिमुद्रण. पहिलीवर ताल घ्यायचा. मग तो कानात ऐकत दुसरीवर बास, दोन्ही ऐकत तिसरीवर गिटार. यंत्र जुन्या पट्ट्या ऐकवतं आणि त्याच क्षणी शेजारच्या पट्टीवर नवं लिहितं, इकडचं तिकडे न सांडता. शिवाय पहिल्या पोर्टास्टुडिओत फीत दुप्पट वेगानं धावायची, म्हणजे आवाज अधिक स्वच्छ उमटतो. त्याची किंमतही चुकवावी लागते. साठ मिनिटांची कॅसेट उलटायची नाही म्हणून तीस मिनिटांची होते, आणि वेग दुप्पट म्हणून पंधराच मिनिटांची.

चार पट्ट्या भरल्या आणि अजून कोरस, बासरी, टाळ्या बाकी असतील तर? खरी गंमत इथं आहे. चौथी पट्टी रिकामी ठेवायची. पहिल्या तिन्हींचं मिश्रण तिच्यावर उतरवायचं आणि त्या तीन पुसून टाकायच्या. त्यातल्या दोन पुन्हा भरून तिसरीवर ओतायच्या, की परत दोन मोकळ्या. हिशेब मांडा: तीन, दोन आणि दोन, म्हणजे चार पट्ट्यांवर सात वाद्यं. मात्र प्रत्येक ओतण्याबरोबर फितीची सरसर वाढत जाते, आणि एकदा ओतलेलं परत वेगळं काढता येत नाही. ड्रम मोठा झाला असेल तर तो जन्मभर मोठाच. आज लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडून महिनोन्‌महिने निर्णय लांबणीवर टाकणाऱ्यांना चार दिवस या यंत्रापुढे बसवावं, असं मला पुष्कळदा वाटतं. ब्रूस स्प्रिंगस्टीनसारख्या बड्या गायकाचा १९८२चा ‘नेब्रास्का’ अशाच पोर्टास्टुडिओवर घरी ध्वनिमुद्रित झाला होता. स्टुडिओत नंतर तीच गाणी बँडसह वाजवून पाहिली, पण बाजारात आली ती घरची कॅसेटच.

आता पंककडे. न्यूयॉर्कच्या रमोन्सचा पहिला अल्बम १९७६चा: चौदा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत, खर्च साधारण ६,४०० डॉलर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मँचेस्टरच्या बझकॉक्सनी उसनवारीच्या ५०० पौंडांत चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःच काढली. पहिल्या हजार प्रती हातोहात खपल्या. वेष्टणावर त्यांनी प्रत्येक गाण्याचा कितवा प्रयत्न घेतला आणि वरून काय जोडलं, तेही छापलं. स्वयंपाकघराचं दारच उघडं ठेवलं म्हणा ना. ते वाचणाऱ्या पोराला कळलं की हे आपल्यालाही जमेल. सेक्स पिस्टल्सचा ‘नेव्हर माइंड द बॉलॉक्स’ जास्त गाजला, पण त्यात स्टुडिओत बसून गिटारींचे थरावर थर चढवलेले आहेत. दोन्हींतलं एकच ठेवायला सांगितलं तर मी बझकॉक्स ठेवीन.

हीच ऊर्मी लिहिणाऱ्यांतही होती. लंडनच्या मार्क पेरीनं १९७६च्या जुलैत ‘स्निफिन ग्लू’ हे झेरॉक्सवरचं पत्रक काढलं. कुणाचा अल्बम भारी, कुणाचा फुसका, हे त्यानं मोठ्या मासिकांना न विचारता ठरवलं. आपल्याकडे १९९३ साली अमित सैगलनं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढलं तेही मुंबईतून नव्हे, अलाहाबादेतून.

रेमोला पंक म्हटलं तर माझे काही मित्र चिडतात. त्याच्या गाण्यात बासरी आहे, गोव्याची लोकगीतं आहेत, लॅटिन ठेका आहे; तीन कॉर्डांचा गदारोळ कुठाय? कानांच्या बाजूनं त्यांचं बरोबर आहे. पण त्या काळी मुंबईच्या कॉलेजांतल्या बँडची हुशारी परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात मोजली जाई. पंकचे केस, पंकची जाकिटं उचलणं त्याहून वेगळं ठरलं नसतं. रेमोनं आपल्या गावाबद्दल, आपल्या भाषेच्या हेलात, आपल्या पैशानं गाणं काढलं आणि कंपनीची वाट पाहिली नाही. पुढे तो सीबीएससारख्या बड्या कंपनीकडे गेला खरा. पण ‘द क्लॅश’ हा पंकचा लाडका बँडही १९७७ साली तिथंच गेला होता आणि तेव्हा मार्क पेरी भयंकर संतापला होता.

उद्धटपणाचाच पुरावा हवा असेल तर तोही आहे. सेक्स पिस्टल्सनी १९७७ मध्ये, राणीच्या कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षी, तिच्यावर गाणं काढलं. बीबीसीनं ते वाजवलं नाही, आणि त्याआधीच एका कंपनीनं करारानंतर आठवडाभरात बँडला हाकलून छापलेल्या तबकड्या नष्ट केल्या होत्या. रेमोनं १९८६ मध्ये गोव्यात आलेल्या पंतप्रधान राजीव गांधींच्या समोर उभं राहून त्यांच्या नावानंच गाणं म्हटलं आणि गोव्याची गाऱ्हाणी ऐकवली. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. त्यानं कात्रणं आणि गाण्याचे शब्द थेट पंतप्रधानांना धाडले. उत्तर आलं, की गाण्यात आक्षेपार्ह काहीच वाटलं नाही. पिस्टल्सना राणीकडून असं पत्र कधी आलं नाही.