कान एका खात्याकडे, पुस्तक दुसऱ्याकडे

तालुक्याच्या गावातील जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या वर्गात शिकणारी एक मुलगी डोळ्यांपुढे आणावी. तिला कमी ऐकू येते. बहिरी म्हणावी इतके नव्हे. समोरून बोलले तर ती उत्तर देते, पाठीमागून हाक मारली तर मात्र वळत नाही. तिच्या निबंधाच्या वहीत 'बाबा शेत गेले', 'ताई पुस्तक दिले' अशी वाक्ये आढळतात. मराठीतील विभक्तिप्रत्यय शब्दाच्या शेपटाला लागतात आणि बोलताना ते हलकेच उच्चारले जातात. ज्या कानाला शब्दाचा ठसठशीत भागच कसाबसा पोचतो, त्याच्यापर्यंत शेवटचा 'त' किंवा 'ला' पोचतच नाही. आणि जे कधी ऐकले नाही ते लेखणीतून उतरणार कसे? गुरुजी वही तांबड्या शाईने दुरुस्त करतात आणि खाली शेरा मारतात, 'अभ्यासात लक्ष नाही'. गुरुजींचा यात दोष नाही. ही चूक व्याकरणाची नसून कानाची आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आता ही मुलगी शासनाच्या लेखी कोणाची, याचा शोध घेऊ लागले की आपण चक्रव्यूहात शिरतो. शाळेत जाण्यापूर्वी ती अंगणवाडीत होती, म्हणजे महिला व बालविकास खात्याची होती. तिचे कान तपासण्याचे काम आरोग्य खात्याचे. २०१३ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येऊन तपासणी करावी, अशी योजना आहे. दोष आढळला तर प्रमाणपत्रासाठी शासकीय रुग्णालयाची पायरी चढावी लागते. तेथे दोष ४० टक्क्यांहून कमी भरला, तर बहुतेक सवलतींचे दार तेथेच बंद होते. श्रवणयंत्र मिळते ते केंद्र सरकारच्या १९८१ पासून चालत आलेल्या साहित्य-साधने योजनेतून, बहुधा एखाद्या शिबिरात. शिष्यवृत्ती आणखी एका कार्यालयातून. आणि रोज साडेपाच तास तिला शिकविण्याचे काम शालेय शिक्षण खात्याचे. यांतील एकाही खात्याने कामात कसूर केली नाही, असे घटकाभर धरून चालू. तरीही या मुलीचे वर्ष वाया जाऊ शकते. कारण तपासणारा शिकविणाऱ्याला ओळखत नाही, आणि यंत्र देणाऱ्याला ते कोणत्या वर्गात, कोणत्या बाकावर वापरले जाणार हे ठाऊक नसते.

श्रवणयंत्राचेच पाहा. चष्मा लावला की दिसू लागते, तसे यंत्र लावले की ऐकू येते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कानामागे लावायच्या यंत्राला कानाच्या आकाराचा साचा लागतो. मूल वाढते तसा कानही वाढतो, आणि जुना साचा सैल होऊन यंत्र शिट्टी घालू लागते. वर्गातील मुले हसतात, मुलगी यंत्र दप्तरात ठेवून देते आणि पुढे ते घरच्या फडताळात जाते. नवा साचा बनविणारा तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी. त्याच्याकडे जायचे म्हणजे बापाचा एक दिवसाचा रोजगार बुडणार आणि दोघांचे एसटीचे भाडे भरावे लागणार. सेलची तीच कथा. शिबिराच्या अहवालात मात्र 'यंत्र वाटप' या रकान्यात एक आकडा कायमचा नोंदला गेलेला असतो. शिवाय यंत्र सारा आवाज मोठा करते, बाईंचा तसा शेजारच्या वर्गातील पाढ्यांचाही. म्हणून अशा मुलीला पुढे बसविणे आणि फळ्याकडे तोंड करून न बोलणे हे यंत्राइतकेच आवश्यक असते. ओठांवरून वाचायचे तर 'पान', 'बाण' आणि 'मान' हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. संदर्भ ठाऊक असला तरच त्यांतला भेद उलगडतो, आणि पाठ आदल्या दिवशी कोणी घरी वाचून दिला असला तरच संदर्भ ठाऊक असतो.

दृष्टिदोष असलेल्या मुलांची अडचण निराळी, पण वळण तेच. ज्यांची आपण सरसकट अंधांत गणना करतो त्यांतील अनेकांना थोडेबहुत दिसत असते. मोठा टाइप, खिडकीजवळची जागा, भिंग आणि वाचायला उतरता डेस्क एवढ्यावर त्यांतले काही छापील पुस्तक वाचू शकतात. दुसरीकडे, ज्याला ब्रेलवाचून गत्यंतर नाही असा मुलगा केवळ ऐकून पाठ करीत सातवीपर्यंत येतो. हुशार म्हणून त्याचे कौतुकही होते, आणि त्याला एक ओळही स्वतः लिहिता येत नाही ही गोष्ट त्या कौतुकात झाकली जाते. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी ठरली. सहा टिंबांची ही लिपी शिकणे बोटांना अवघड असते, मेंदूला नव्हे. पण तिच्या चालीरीती शिकविणारा कोणी तरी जवळ असावा लागतो. आपल्या देवनागरीत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी येतो, ब्रेलमध्ये तो मागून लागतो. पाटीवर सळईने टोचून लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावे लागते. डोळस शिक्षकाला हे चार-सहा आठवड्यांत शिकता येईल. पण शिकविणारे अंधशाळेत आणि विद्यार्थी गावच्या शाळेत, असा विभाग पडलेला आहे. ब्रेल पुस्तकाची मागणीही वेळेत गेली पाहिजे. छापील पुस्तकाच्या एका प्रतीचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात, आकृत्या उठावाने कराव्या लागतात. जूनमध्ये मूल वर्गात आल्यावर कागदपत्रांना प्रारंभ झाला, तर पुस्तक हाती येईपर्यंत बाकीचा वर्ग सहामाहीची उजळणी करीत असतो.

ही दुरवस्था आजची नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात अशा मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळांतून शिकवावे असे सुचविले होते. १९७४ साली केंद्राने अपंगांच्या एकात्म शिक्षणाची योजना आखली, पण ती दिली समाजकल्याण खात्याकडे! शाळा एका खात्याच्या आणि शाळेतील योजना दुसऱ्या खात्याची, हा प्रकार आठ वर्षे चालला. १९८२ साली ती शिक्षण खात्याकडे आली. पुढे १९८७ मध्ये युनिसेफच्या साहाय्याने एक प्रकल्प झाला, त्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. त्या प्रकल्पातील एक कल्पना मला आजही मोलाची वाटते. एखादी आदर्श शाळा निवडण्याऐवजी एक संपूर्ण विकास गट घ्यायचा आणि त्यातील सर्व शाळा मिळून अशा मुलांची जबाबदारी उचलायची. प्रकल्प संपले की कल्पना दप्तरबंद होतात, तशी हीही झाली. १९९५ आणि २०१६ चे कायदे आले. २०१६ च्या कायद्याच्या सोळाव्या कलमात अंध आणि कर्णबधिर मुलांना त्यांना सर्वांत अनुकूल अशा भाषेतून व माध्यमातून शिक्षण देण्याचे बंधन आहे. विशेष शाळा मात्र आजही शिक्षण खात्याच्या नाहीत. त्यांचे अनुदान व तपासणी पूर्वी सामाजिक न्याय खात्याकडे होती. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण केला आणि त्या तिकडे गेल्या. नवा विभाग हा या मुलांच्या प्रश्नाचा सन्मानच आहे. पण खाते वाढले की एक भिंतही वाढते, याचा अनुभव ज्यांनी कचेरीत फाइल हलविली आहे त्यांना वेगळा सांगावयास नको.

मूल विशेष शाळेत असावे की साध्या, हा वाद आपल्याकडे मोठ्या हिरिरीने घातला जातो. मला तो आता निष्फळ वाटतो. ज्ञान विशेष शाळांपाशी आहे आणि मुले मोठ्या संख्येने साध्या शाळांत आहेत. एकाने दुसऱ्याचे दार ठोठावण्याखेरीज दोघांनाही मार्ग नाही. कर्णबधिर मुलाच्या बाबतीत तर या दुराव्याची किंमत भाषेने मोजावी लागते. घरी तो आईशी स्वतःच्या खुणांनी बोलतो. विशेष शाळेत गेला तर ओठ हलवून बोलण्याचा आग्रह, कारण १८८० च्या मिलान परिषदेने खुणांच्या भाषेला शाळेबाहेर घालविले त्याचे पडसाद आपल्याकडेही दीर्घकाळ उमटत राहिले. पुढे साध्या हायस्कुलात आला की दोन्हींपैकी काहीच नाही. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत स्वतंत्र संस्था झाली आणि तिचा शब्दकोशही निघाला. पण तिसरीच्या वर्गावरील शिक्षकापर्यंत तो पोचविणार कोण?

हे सारे सांधणारा माणूस कागदावर आहे. समग्र शिक्षा योजनेतील फिरता विशेष शिक्षक हाच तो. तो आज एका शाळेत, उद्या दुसऱ्या. मुलाला शिकवायचे, आईला समजवायचे, शिबिराला न्यायचे, प्रमाणपत्राची तारीख लक्षात ठेवायची, हे सारे त्याने करावे अशी अपेक्षा. त्याची नेमणूक वर्षानुवर्षे कंत्राटी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे १ आणि पुढील स्तरांवर १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. मार्च २०२५ मध्ये राज्यांनी पदे मंजूर करावीत असे त्याच न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, यावरून मधल्या साडेतीन वर्षांचा हिशेब वाचकांनीच करावा. ज्याला पुढच्या वर्षी आपण कोठे असू हे ठाऊक नसे, त्याने एका मुलाचा पाच वर्षांचा मागोवा ठेवावा असे आपण कोणत्या तोंडाने म्हणत होतो?

म्हणून उपाय सुचवायचा तर तो पदापासून सुरू होतो, आणि मग एका नावापाशी येतो. तालुक्यातील अंध, अल्पदृष्टी व कर्णबधिर मुलांपैकी प्रत्येकासाठी गटशिक्षणाधिकारी उत्तरदायी असावा, मग ते मूल विशेष शाळेत असो, साध्या शाळेत असो, वा अजून अंगणवाडीत असो. त्याने एप्रिलमध्ये, परीक्षांच्या धांदलीतून एक दिवस काढून, आरोग्य पथकाचा डॉक्टर, अंगणवाडी पर्यवेक्षिका, जवळच्या विशेष शाळेचे मुख्याध्यापक आणि फिरता शिक्षक यांना एका टेबलाभोवती बसवावे आणि नावानिशी यादी वाचावी. कोणाचा साचा बदलायचा, कोणाचे ब्रेल पुस्तक मागवायचे, कोण जूनमध्ये नव्या शाळेत जाणार. आणखी एक सभा आणि आणखी एक यादी सुचविताना संकोच वाटतो, हे खरे. 'माहिती त्वरित सादर करावी' या आदेशाखाली शिक्षक आधीच वाकला आहे. पण ही माहिती वर पाठवायची नाही; ती तालुक्यातच वापरायची आहे.

आणि निदान शाळा सोडल्याच्या दाखल्यात एक सुधारणा ताबडतोब करता येईल. त्या कागदावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी असते, जात असते, वर्तणूक असते, शाळा सोडण्याचे कारण असते. संगणकावरील नोंदीत अपंगत्वाचा प्रकारही असतो. परंतु मूल ब्रेल वाचते की मोठे अक्षर, कोणत्या कानाने अधिक ऐकते, लेखनिकाला मजकूर सांगून उत्तर लिहविण्याचा त्याला सराव आहे की नाही, हे नव्या शाळेच्या वर्गशिक्षिकेला दाखल्यावरून कळत नाही. ती ते स्वतः शोधून काढते तोवर दिवाळी येते. या दोन-तीन ओळींसाठी दाखल्याच्या मागील बाजूला पुरेशी कोरी जागा आहे. पालकांची संमती घेऊन आधीच्या शिक्षिकेने ती स्वतःच्या हाताने भरावी, आणि खाली आपला फोन क्रमांक लिहावा.