एकच भाडेकरू : लाभ आणि जोखीम

सेवानिवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम कोठे गुंतवावी, हा प्रश्न आपल्यातील अनेक नोकरदार बांधवांपुढे उभा राहतो. ईटसारख्या गावी रस्त्यालगत प्लॉट असला, की सल्ला ठरलेला : "हॉल बांधा, बँकेला द्या. भाडे बुडत नाही."

भाडे बुडत नाही, हे बहुतांशी खरे. परंतु बँक जागा सोडून जाऊ शकते, याचा विचार फारसा होत नाही. चार गाळ्यांपैकी एक रिकामा झाला तरी तिघांचे भाडे येते; एकाच भाडेकरूचा हॉल रिकामा झाला की उत्पन्न शून्य.

समजा, बांधकामास १२ लाख रुपये लागले व दरमहा ८ हजार भाडे ठरले. वर्षाचे ९६ हजार, म्हणजे ८ टक्के. दहा वर्षांत दोन वर्षे जागा रिकामी राहिली तर सरासरी ६.४ टक्क्यांवर येते. त्यातूनच घरपट्टी व स्लॅबची गळती भागवावयाची. अमेरिकेत कर, विमा व दुरुस्ती भाडेकरूनेच सोसावयाची, असे करार रूढ आहेत. तेथेही राइट एड ही औषध दुकानांची साखळी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि कित्येक जागामालक हात चोळीत बसले.

आपल्याकडे बँक जाते ती बुडून नव्हे, विलीन होऊन. १९४१ साली निजामाच्या राजवटीत स्थापन झालेली, मराठवाड्याच्या अंगवळणी पडलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. शेजारी-शेजारी दोन शाखा असल्या की एक बंद करण्याकडे अशा वेळी कल असतो. १ मे २०२५ रोजी राज्यातील दोन ग्रामीण बँकाही एक झाल्या.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ बँकांना दिलेल्या जागांना लागू होत नाही. त्यामुळे जो काही आधार, तो कराराचाच. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. सही करण्यापूर्वी नोटिशीचे कलम वाचावे. बँकेने तीन महिन्यांत जावे आणि मालक मात्र दहा वर्षे बांधलेला, असा मसुदा पुढे आल्यास निदान पहिली पाच वर्षे न सोडण्याची अट मागावी. स्ट्राँग रूमचा खर्च कोण करणार, तेही लिहून घ्यावे. किराणा दुकानदाराला ती खोली अडचणच.

माझ्या मते निम्म्याहून अधिक रक्कम यात घालू नये. आणि बांधतानाच कॉलम असे घ्यावेत, की उद्या मध्ये भिंती घालून चार शटर बसविता येतील.