भोवरा आणि बंदुकीची गोळी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं मुलांचा मेळा जमला होता. अंगणांत भोवऱ्यांचा खेळ रंगला असतां माझ्या दहा वर्षांच्या भाच्यानें एकाएकीं विचारलें, "मामा, भोवरा फिरतो तोंवर उभा राहतो आणि थांबला कीं आडवा पडतो, असें कां?" मी उत्तर जुळवीत आहें तोंच त्यानें दुसरा प्रश्न टाकला, "आणि बंदुकीची गोळीही भोवऱ्यासारखी फिरत जाते असें बाबा म्हणतात. ती कशाला फिरते? तिला कोठें उभें राहावयाचें असतें?" मीं घाईघाईनें सांगून टाकलें कीं, सुताराचें गिरमीट जसें फिरत फिरत लांकडांत शिरतें, तशी गोळी हवेंत भोंक पाडीत सरळ जाते. मुलाचें समाधान झालें. माझें मात्र झालें नाहीं. रात्रीं शांतपणें विचार करतां मला दिसून आलें कीं, माझें उत्तर साफ चुकीचें होतें. मुलांस चुकीचें सांगून मोकळें होणें हा वडीलधाऱ्यांचा नेहमींचा अपराध होय. त्याचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

पुण्याच्या वाचकांस हा विषय दूरचा वाटूं नये. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या माळावर बापू गोखल्यांच्या फौजेशीं इंग्रजांची जी लढाई झाली, तींत पायदळाच्या हातीं बहुतेक ठासणीच्या, आंतून गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. अशा बंदुकीची गोळी म्हणजे शिशाचा गोल मणी. तो नळींत चटकन उतरावा म्हणून नळीच्या तोंडाहून किंचित् लहान ठेवावा लागे. आणि सैल असल्यामुळें दारू पेटतांच तो कधीं या कडेवर तर कधीं त्या कडेवर आपटत बाहेर पडे. शेवटचा धक्का ज्या बाजूस बसेल त्याप्रमाणें त्याला गिरकी मिळे, आणि ती कोणत्या दिशेची असेल हें बंदूक धरणाऱ्यासही ठाऊक नसे. शंभर यार्डांपलीकडील एका नेमक्या माणसावर नेम धरणें बहुधा व्यर्थ ठरे. शिपायांस रांगेनें उभें करून एकदम फैर झाडण्याची रीत त्या काळीं सर्वत्र होती, तिचें एक मोठें कारण हेंच.

या अनिश्चित गिरकीचा छडा बेंजामिन रॉबिन्स नांवाच्या इंग्रज गणितज्ञानें अठराव्या शतकाच्या मध्यास लावला. त्याचा एक प्रयोग मोठा मनोरंजक आहे. त्यानें एका बंदुकीची नळी टोंकाशीं थोडी डावीकडे वांकवली आणि गोळीच्या मार्गांत पातळ कागदाचे पडदे उभे केले. नळी डावीकडे वळलेली, तेव्हां गोळीही डावीकडेच जाणार असें कोणीही म्हणेल. ती प्रथम डावीकडे गेलीही. पण पुढें हळूहळू उजवीकडे वळूं लागली! वांकलेल्या नळींत गोळी उजव्या भिंतीस घांसत गेली, त्यामुळें तिची उजवी बाजू मागें रेटली गेली व डावी पुढें धांवूं लागली; आणि अशा रीतीनें फिरणाऱ्या गोळीस हवेनेंच उजवीकडे ढकललें. पुढें १८५२ सालीं माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञानें या परिणामाचा अभ्यास केला, आणि आज तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो. क्रिकेटच्या मैदानावर फिरकी टाकणाऱ्याचा चेंडू हवेंतल्या हवेंत वळतो तो याच कारणानें. फरक इतकाच कीं, फिरकी टाकणारा चेंडूस हवी ती गिरकी देतो; खडकीच्या माळावरील शिपायाच्या गोळीस मात्र दैव देई ती गिरकी मिळे.

मग उपाय काय? गिरकी अजिबात टाळणें शक्य नाहीं. तेव्हां ती आपणच द्यावी, आणि तिचा आंस गोळीच्या वाटेच्या रोखानेंच राहील असें करावें. मग हवा गोळीच्या चहूं बाजूंस सारखीच लागेल आणि बाजूस ढकलण्यास निमित्त उरणार नाहीं. यासाठीं नळीच्या आंत मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खांचा पाडतात. अशा नळीच्या बंदुकीस आपण रायफल म्हणतों. अशा खांचा युरोपांतील कारागिरांस सोळाव्या शतकापासून ठाऊक होत्या. अडचण होती ती निराळीच. गोळी खांचांत घट्ट बसली तर ती फिरणार, आणि घट्ट बसावयाची तर ती तोंडाकडून गजानें ठोकून ठोकून आंत दवडावी लागणार. शिकाऱ्यास ही सवड असे. शत्रु समोरून चालून येत असतां शिपायास ती कोठून मिळणार?

हा पेंच १८४९ च्या सुमारास मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीनें सुटला. ही गोळी लांबट, पुढें निमुळती व बुडाशीं पोकळ होती. ती सैल असल्यामुळें सहज आंत उतरे. पण दारू पेटली कीं ज्वलनवायूंच्या दाबानें तिची पोकळ कड फुगून खांचांत रुते. इंग्रजांची १८५३ सालच्या नमुन्याची एन्फील्ड रायफल याच तत्त्वावर केलेली होती. मात्र शिसें आणि दारूची काजळी यांनीं खांचा भरून जाऊं नयेत म्हणून गोळीभोंवतालचा काडतुसाचा कागद वंगणांत भिजवीत, आणि काडतूस दांतांनीं फोडावें लागे. पुढील इतिहास प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. त्या वंगणांत गायीची व डुकराची चरबी आहे ही वार्ता १८५७ च्या आरंभीं दमदमपासून छावण्याछावण्यांतून पसरली. २९ मार्चला बराकपुरास मंगल पांडे उठला आणि १० मे रोजीं मीरतेस भडका उडाला. केवळ काडतुसांमुळें तें बंड झालें असें कोणी म्हणणार नाहीं. त्याचें सरपण पुष्कळ वर्षें सांठत आलें होतें. तथापि ठिणगीचा शोध घेत गेल्यास आपण नळींतील त्या मळसूत्री खांचांपाशीं येऊन पोंचतों. ज्यांनीं तें वंगण ठरविलें, त्यांनीं खांचांचा विचार बारकाईनें केला होता. काडतूस ज्याच्या तोंडीं जावयाचें त्या माणसाचा मात्र केला नव्हता.

आतां भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. लांबट गोळीस गिरकीची गरज गोल गोळीहूनही अधिक असते. निमुळत्या गोळीवर हवेचा जो दाब येतो, त्याचा मध्य गोळीच्या गुरुत्वमध्याच्या पुढें, नाकाकडे असतो. त्यामुळें नाक यत्किंचितही कलतांच हवा तें अधिकच उलटवूं पाहते आणि गोळी कोलांट्या खाऊं लागते. बाणाची गोष्ट उलट असते: त्याचीं पिसें मागें असल्यानें दाबाचा मध्यही मागें जातो आणि कललेला बाण आपोआप सरळ होतो. गोळीस पिसें नाहींत. तिला तारते ती गिरकी. भोवऱ्यास पृथ्वीचें आकर्षण जसें आडवें पाडूं पाहतें, तशी गोळीस हवा पाडूं पाहते. परंतु वेगानें फिरणाऱ्या वस्तूचा स्वभाव असा कीं, तिला ज्या दिशेस लोटावें त्या दिशेस न जातां ती काटकोनांत बाजूस सरकते. म्हणून भोवरा पडण्याऐवजीं डोकें घुमवीत राहतो, आणि गोळीचें नाक उलटण्याऐवजीं आपल्या वाटेभोंवतीं लहानसें वर्तुळ काढीत जातें. गोळीस उभें राहावयाचें नसतें हें खरें. पण तिला 'पडावयाचें' मात्र असतें, आणि तें पडणें गिरकी थोपवून धरते. गिरमिटाशीं याचा कांहींएक संबंध नाहीं.

ही गिरकी असते तरी किती? खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालीं निघाला, व २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. इंग्रजी अमदानींत पॉइंट तीनशें तीन रायफलीचीं जीं काडतुसें येथें होत, त्यांच्या बुडावर खडकीच्या इंग्रजी नांवावरून 'के एफ्' अशीं अक्षरें उठविलेलीं असत. त्या रायफलीच्या खांचा दहा इंचांत एक पुरा फेरा घेतात आणि गोळी सेकंदास सुमारें २,४४० फूट वेगानें बाहेर पडते. हिशेब केल्यास सेकंदास २,९०० च्या वर फेरे होतात! आपल्या छताचा पंखा मिनिटास तीनसाडेतीनशें फेरे घेतो. ही गोळी त्याच वेगानें फिरत राहिली, तर मिनिटास पावणेदोन लाख फेरे घेईल.

मग जितकी गिरकी अधिक तितकें उत्तम, असें समजावें काय? तसें नाहीं. गिरकी कमी पडली तर गोळी कोलांटी खाते, आणि कागदी लक्ष्यावर गोल भोंकाऐवजीं लांबट चीर उमटते. उलट ती फाजील झाली, तर गोळी आपला प्रथमचा रोख सोडण्यास तयार होत नाहीं; वाट खालीं वळली तरी नाक वरच राहतें, आणि तोफेचा गोळा नाकावर पडावयाचा तो बुडावर पडतो. शिवाय गिरकीचें थोडें मोल द्यावेंच लागतें. उजवीकडे फिरणारा गोळा लांबच्या पल्ल्यांत हळूहळू उजवीकडे सरकतो व डावीकडे फिरणारा डावीकडे; गोलंदाजांच्या कोष्टकांत या सरकण्याची वजाबाकी लिहिलेलीच असते. योग्य प्रमाण काढण्याचा एक सुटसुटीत नियम इंग्रज गणितज्ञ ग्रीनहिल यानें १८७९ सालीं दिला. गोळीची लांबी तिच्या जाडीच्या कितीपट आहे तें पाहावें आणि त्या संख्येनें १५० ला भागावें; भागाकार येईल तितक्या जाडींच्या अंतरांत खांचेनें एक फेरा पुरा करावा. पांचपट लांब गोळीस तीस जाडींत एक फेरा. म्हणजे गोळी जितकी लांब तितकी गिरकी जलद हवी. आणि लांबी जाडीच्या सहासात पटींपलीकडे गेली कीं नुसत्या गिरकीवर ती सांवरणें दुरापास्त होतें.

ही मर्यादा केवळ पुस्तकी नाहीं. आपल्या पाषाणास तिच्याशीं प्रत्यक्ष गांठ पडली. संरक्षण खात्याची शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था १९५८ सालीं स्थापन झाली. तिचें ठाणें आज पाषाणास आहे. 'अर्जुन' रणगाड्याची १२० मिलिमीटरची तोफ हें तिचेंच काम. जगांतील बहुतेक नव्या रणगाड्यांच्या तोफा आंतून पुन्हां गुळगुळीत झाल्या आहेत. अर्जुनाच्या तोफेस मात्र खांचा आहेत. याचें कारण रणगाड्यास दोन परस्परविरोधी कामें करावीं लागतात. एका जातीचा गोळा चिलखतावर आदळून चपटा पसरतो व मग फुटतो. भिंती आणि मोर्चे पाडण्यासही तो उपयोगी. हा गोळा गिरकीवरच सांवरतो, त्याला खांचा हव्यात. दुसरें अस्त्र म्हणजे चिलखत भेदणारी जड धातूची लांब सळई. तिची लांबी जाडीच्या पंधरावीस पट किंवा त्याहूनही अधिक असते; ती गिरकीनें सांवरत नाहीं, तिला बाणासारखीं पिसेंच लावावीं लागतात आणि जोराची गिरकी तिला बाधक होते. तेव्हां खांचांच्या नळींतून ही सळई सोडतांना तिच्या वेष्टनावर एक सरकतें कडें बसवितात. तें खांचांत रुतून स्वतः गरगर फिरतें, सळईस मात्र फारच थोडी गिरकी लागू देतें.

यांत जोखीम थोडी नाहीं. शत्रूचा रणगाडा समोर असतां दुसऱ्या गोळ्याची संधि मिळेलच असें नसतें. आंत बसलेल्या चौघांचे प्राण त्या एका कड्याच्या सुबक सरकण्यावर अवलंबून असतात. इंग्रजांनीं आपल्या रणगाड्यांस पुष्कळ वर्षें खांचांची तोफ ठेवली आणि 'चॅलेंजर'च्या नव्या आवृत्तीसाठीं गुळगुळीत नळी पसंत केली. आपल्याकडे २००४ पासून अर्जुन सेनेंत दाखल होऊं लागले, आणि २०२१ सालीं सुधारलेल्या ११८ अर्जुनांची जी मागणी नोंदविली गेली तींतही खांचांचीच तोफ कायम आहे. कोणता पक्ष बरोबर, याचा निकाल घरबसल्या देण्याचें धाडस मी करणार नाहीं. दोन्ही गुण एका नळींत पुरतेपणीं मिळत नाहींत, एवढें मात्र खरें.

लांब पल्ल्याच्या तोफांत असा पेंच नाहीं. तेथें खांचांचेंच राज्य आहे. याच संस्थेनें दोन खाजगी कंपन्यांच्या सहकार्यानें केलेली १५५ मिलिमीटरची ओढतोफ २०१७ सालीं पोखरणच्या चांचणींत ४८ किलोमीटरांपर्यंत पोंचली. मार्च २०२५ मध्यें सेनेनें अशा ३०७ तोफांचा करार केला. त्या कंपन्यांपैकीं एक, भारत फोर्ज, ही पुण्याचीच. या तोफेची नळी आठ मीटर लांब असते. या जातीच्या तोफांत खांचांचा एक फेरा साधारणतः तीन मीटरांत पुरा होतो. म्हणजे गोळा नळींत अवघे अडीच फेरे घेतो, आणि त्या अडीच फेऱ्यांच्या शिकवणीवर पुढील कित्येक किलोमीटरांची वाट चालतो.

भाच्यास मीं हें सारें पत्रानें कळविलें आणि गिरमिटाबद्दल माफी मागितली. त्याचें उत्तर आलें: "मामा, अडीचच फेऱ्यांत गोळा एवढें शिकतो, मग आम्हांला शाळेंत दहा वर्षें कां बसवितात?" या प्रश्नाचें उत्तर मात्र मीं घाईनें दिलेलें नाहीं.