वेबसाइट बोलकी कशी कराल?

थाटामाटात सुरू झालेली वेबसाइट वर्षभरातच मुकी का होते? तिला पुन्हा बोलते करायचे असेल, तर ज्याच्याजवळ सांगण्यासारखे आहे त्यालाच लिहिण्याची वाट मोकळी करून द्यायला हवी.

शाळा असो, महिला मंडळ असो की वाचनालय, वेबसाइटच्या उद्घाटनाला नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. संस्थेचा इतिहास, अध्यक्षांचा फोटो, पत्ता असे सारे पडद्यावर झळकते. वर्षभराने पाहावे, तर 'ताज्या घडामोडी' या मथळ्याखाली गेल्या स्नेहसंमेलनाचे निमंत्रण तसेच लटकत असते.

संस्थेत सांगण्यासारखे काही घडत नाही असे थोडेच आहे? पण बातमी असते चिटणीसबाईंजवळ आणि वेबसाइटची किल्ली असते ती बनवणाऱ्याजवळ. बाईंना पासवर्ड मिळाला, तरी समोर जो फॉर्म उघडतो त्यात इतक्या चौकटी असतात की हात लावायचीच भीती वाटते. त्याच बाईंची भाची मात्र आपल्या ब्लॉगवर पाच मिनिटांत चार ओळी लिहून मोकळी होते.

हा फरक साधनांच्या स्वभावाचा आहे. मोठ्या वेबसाइट ज्या प्रणालीवर चालतात तिला 'कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम', थोडक्यात 'सीएमएस' म्हणतात. ती कोठीच्या खोलीसारखी असते. लेख, फोटो, सभासदांची यादी, कार्यक्रमांच्या तारखा, सगळे तिच्यात मावते. ब्लॉग हा रोजनिशीसारखा. नवे पान सर्वांत वर, त्यावर तारीख आणि खाली वाचकांचे अभिप्राय. पण कोठीतच एक रोजनिशी ठेवता येते, हे अनेकांना ठाऊक नसते.

मुळात होता मित्रांचा फळा

'ड्रुपल' या नावाजलेल्या सीएमएसचेच उदाहरण घ्या. सन २००० मध्ये बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठातील काही विद्यार्थी एकच इंटरनेट जोडणी वाटून वापरत होते. त्यांच्यापैकी द्रीस बाउतार्त याने एक छोटा फळा तयार केला. जोडणी चालू आहे की बंद, रात्री जेवायला कुठे जमायचे, असल्या गोष्टी मित्रमंडळी त्यावर लिहीत. शिक्षण संपून मित्र पांगल्यावर हा फळा इंटरनेटवर आला आणि जानेवारी २००१ मध्ये त्यामागची प्रणाली 'ड्रुपल' या नावाने सर्वांना मोफत खुली झाली.

पुढे ड्रुपल वाढत गेले. प्रत्येक सभासदाला स्वतःचा ब्लॉग देणारा त्यातला तयार भाग मात्र २०१५ च्या आठव्या आवृत्तीत मूळ संचातून काढला गेला. तरीही काळजीचे कारण नाही, कारण ब्लॉगला लागणारे सुटे भाग आजही आत आहेत. ते फक्त नीट जोडायचे असतात.

आधी दोन कप्पे करा

ड्रुपल नेहमीच्या पद्धतीने बसवले की मजकुराचे दोन प्रकार तयार मिळतात, 'बेसिक पेज' आणि 'आर्टिकल'. संस्थेची माहिती, पत्ता, नियम असा न बदलणारा मजकूर पहिल्यात ठेवा. जे घडते आहे ते दुसऱ्यात लिहा. आर्टिकल आपोआप मुखपृष्ठावर येते, नवे वर आणि जुने खाली. मुखपृष्ठावर दहा लेख दिसतात, पुढचे मागच्या पानांवर सरकतात. म्हणजे रोजनिशीचा सांगाडा तयारच असतो.

लिहिण्याची खिडकी लहान करा

खरी मेख इथेच आहे. चिटणीसबाईंसाठी 'लेखक' अशी वेगळी भूमिका तयार करा आणि तिला दोनच अधिकार द्या: नवा लेख लिहिणे आणि स्वतःचा लेख दुरुस्त करणे. बाकीचे अधिकार काढले की त्यांची बटणेही दिसेनाशी होतात. नको असलेल्या चौकटी फॉर्मच्या मांडणीतून लपवता येतात. शेवटी शीर्षक, मजकूर, फोटो, विषय आणि 'जतन करा' एवढेच उरावे. आपल्या हातून काही मोडणार नाही, असा विश्वास एकदा वाटला की लिहिणारा लिहू लागतो.

जुने सापडले पाहिजे

लिहिलेले हरवले, तर लिहिण्याचा हुरूप राहत नाही. म्हणून प्रत्येक लेखाला विषयाची चिठ्ठी लावा: सहल, पाककृती, आरोग्य शिबिर. चिठ्ठीवर टिचकी मारली की त्या विषयाचे सगळे लेख एकत्र दिसतात. महिन्यांनुसार जुन्या लेखांची यादी 'व्ह्यूज' या भागातून मिळते.

पानाच्या पत्त्याकडेही लक्ष द्या. नुसत्या आकड्याचा पत्ता कुणाच्या लक्षात राहत नाही. 'पाथऑटो' ही मोफत जोडणी शीर्षकावरून पत्ता बनवते. मात्र देवनागरी पत्ता दुसरीकडे चिकटवताना बरेचदा टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते. त्यासाठी पत्ता रोमन लिपीत आणि आटोपशीर ठेवणेच सोयीचे.

दार उघडे, पण कडी हवी

वाचकांच्या अभिप्रायामुळे लिहिणाऱ्याला बळ मिळते, पण त्याच दारातून जाहिरातबाजांची गर्दीही शिरते. अनोळखी व्यक्तीचा अभिप्राय मंजुरीनंतरच दिसेल, अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून करा. 'हनीपॉट' किंवा 'कॅप्चा' यांसारखी जोडणी यंत्रांनी पाठवलेला कचरा बराचसा रोखते.

याहून मोठा धोका दुर्लक्षाचा. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि तिच्यावरची दुरुस्तीही त्याच दिवशी देण्यात आली. ज्यांनी ती सात तासांच्या आत बसवली नाही, त्यांनी आपल्या साइटमध्ये घुसखोरी झाली असेच धरून चालावे, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा पथकाला त्या महिन्याअखेरीस द्यावा लागला. सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधारही ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. म्हणून लिहिण्याचे काम बाईंकडे सोपवले, तरी दुरुस्त्या वेळेवर बसवण्याची आणि मजकुराची प्रत काढून ठेवण्याची जबाबदारी कुणा जाणकाराकडे हवीच.

सगळ्यांनाच हे हवे का?

नाही. ज्याला फक्त रोजनिशी लिहायची आहे, त्याने कोठी बांधू नये. त्याच्यासाठी ब्लॉगर किंवा वर्डप्रेस पुरेसे आहे. गंमत म्हणजे २००३ मध्ये ब्लॉगसाठी जन्मलेले वर्डप्रेस २००५ मध्ये स्थिर पाने आणि २०१० मध्ये मजकुराचे हवे तसे प्रकार देऊ लागले आणि सीएमएसच्या जवळ आले. उलट ड्रुपलने जानेवारी २०२५ मध्ये 'ड्रुपल सीएमएस' हा सोपा संच आणला. त्यात ब्लॉगची तयार मांडणी आहे.

पण संस्थेची वेबसाइट आधीच सीएमएसवर असेल, सभासदांची यादी आणि कार्यक्रम तिथेच असतील, तर वेगळा ब्लॉग काढून दोन घरे सांभाळण्यापेक्षा असलेल्याच घरात लिहिण्याचा एक कोपरा करणे शहाणपणाचे.

मांडणी आणि रंगसंगतीवर हौसेने खर्च होतो. त्यातला थोडा वेळ लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी राखून ठेवा. चिटणीसबाईंना कुणाला फोन न करता, दुपारच्या चहाआधी हळदीकुंकवाचे चार फोटो आणि दहा ओळी टाकता आल्या की वेबसाइट बोलू लागली म्हणून समजा.