ऊमरा रुई आणि ‘सेमी’ कॅमेरा

अमरावतीचं नाव जगाच्या बाजारात पोचलं ते मोडूनतोडून. इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदांवर आधी त्याचं ‘ऊमरावती’ झालं, मग सौद्याच्या घाईत शेपूट गळून पडलं आणि ‘ऊमरा’ एवढंच उरलं. वऱ्हाड आणि भोवतालच्या मुलखातल्या आखूड धाग्याच्या कापसाला हेच नाव चिकटलं. अकोला, खामगाव, अमरावतीच्या जिनांत सरकी काढलेली रुई प्रेसमध्ये आवळली जायची. लोखंडी पट्ट्यांच्या त्या गाठी रेल्वेने मुंबई गाठायच्या आणि तिथून बोटीवर चढायच्या. मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर जोडणारी ‘शकुंतला’ची अरुंद लाइन टाकली गेली, तीही या कापसापायीच.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात भारतीय कापसाचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक होतं जपान. त्या व्यापाराची पायवाट जुनी. ७ नोव्हेंबर १८९३ ला ‘हिरोशिमा मारू’ नावाची बोट कोबे बंदरातून मुंबईकडे निघाली. निप्पॉन युसेन कैशा ही जपानी कंपनी आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलचे मालक जमशेटजी टाटा यांनी मिळून हा मार्ग सुरू केला होता. पी अँड ओ कंपनीच्या भाड्याच्या मक्तेदारीला शह द्यायचा, हा त्यामागचा उघड हेतू. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ऊमरा रुई याच दिशेने जात राहिली. ती कोबेला उतरायची आणि ओसाकाच्या गिरण्यांत लांब धाग्याच्या अमेरिकन रुईत मिसळून तिचं जाडंभरडं सूत निघायचं.

कोबे आणि ओसाका यांच्या मधल्या पट्ट्यात मुकोगावा आहे. तिथे १९२० च्या दशकाच्या अखेरीस एक वेगळाच कारखाना उभा राहिला. त्यात कॅमेरे बनत. घडी घालून खिशात टाकता येतील असे, चामड्याच्या भात्याचे.

काझुओ ताशिमा हा तरुण रेशमी कापडाची निर्यात करणाऱ्या घरातला. १९२७ मध्ये व्यापारी शिष्टमंडळाबरोबर तो युरोपात गेला. तिथले प्रकाशयंत्रांचे कारखाने पाहून त्याच्या डोक्यात कॅमेऱ्याचं वेड शिरलं आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये त्याने ‘निचिदोकु’ म्हणजे ‘जपान-जर्मन’ नावाची कंपनी काढली. विली हायलेमान आणि बिली नॉयमान हे दोन जर्मन सोबतीला होते. १९२९ मध्ये ‘निफ्कालेट’ हा त्यांचा पहिला कॅमेरा आला. त्याची लेन्स आणि शटर जर्मनीचं, जुळणी जपानची. १९३१ मध्ये जर्मन जोडी वेगळी झाली. १९३३ पासून कॅमेऱ्यांवर ‘मिनोल्टा’ हे नाव झळकू लागलं. या नावाचा एक अर्थ जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांतून लावतात. दुसरा ताशिमाच्या आईच्या शिकवणीशी जोडलेला आहे. ‘मिनोरु ता’ म्हणजे पिकलेलं भातशेत. दाणा भरला की लोंबी वाकते, तसं माणसानेही मोठं झाल्यावर वाकावं, हे त्या माउलीचं सांगणं. शेतीवर जगणाऱ्या वऱ्हाडी माणसाला हा दुसरा अर्थ जवळचा वाटेल.

या कॅमेऱ्यांची घडण समजली की त्यांच्यावर जीव जडतो. बंद असताना जाडसर चष्म्याच्या डबीसारखा दिसणारा धातूचा डबा. कळ दाबली की पुढचं झाकण उघडतं, बिजागऱ्यांच्या दांड्या ताठ होतात, लेन्स पुढे सरकते आणि तिच्यामागे लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा काळा भाता ताणला जातो. आत ‘१२०’चा रोल. ही फिल्म कोडॅकने १९०१ मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी आणली आणि ती आजही बनते. फिल्मच्या पाठीला काळा कागद, कागदावर आकडे, आणि ते आकडे पाहण्यासाठी कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल काचेची बारीक खिडकी.

एका रोलवर सहा बाय नऊ सेंटीमीटरचे आठ फोटो निघत. त्याच चौकटीचे दोन भाग केले तर साडेचार बाय सहाचे सोळा. जर्मनीच्या झाईस इकॉनने आपल्या ‘इकोंटा’ची अशी छोटी आवृत्ती काढली. जपानमध्ये तिला ‘सेमी इकोंटा’ म्हणू लागले, सेमी म्हणजे अर्धा. पुढे हा शब्द तिथल्या एका अख्ख्या कॅमेरा पिढीचं आडनाव होऊन बसला. सेमी मिनोल्टा, सेमी पर्ल, सेमी ऑलिंपस, सेमी प्रिन्स... तेवढ्याच फिल्ममध्ये दुप्पट फोटो हा हिशेब मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाला पटला. शिवाय निगेटिव्ह ३५ मिलिमीटरपेक्षा चांगली मोठी, त्यामुळे एन्लार्जर नसलेल्यालाही कागदावर थेट ठसा उमटवून बघण्याजोगा फोटो मिळे.

सेमी मिनोल्टा आला १९३४ मध्ये. वऱ्हाडच्या कापूस बाजारासाठीही जपानच्या संदर्भात हेच वर्ष महत्त्वाचं ठरलं. जपानी कापड भारतात इतकं स्वस्त येऊ लागलं होतं की १९३३ च्या जूनमध्ये सरकारने ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. उत्तरादाखल जपानी गिरणीमालकांनी भारतीय कापूस घेणंच थांबवलं. मंदीने आधीच भाव पाडलेले, त्यात सर्वांत मोठा खरेदीदार पाठ फिरवून बसलेला. सिमल्यात आणि दिल्लीत महिनोन्‌महिने वाटाघाटी झाल्या. जानेवारी १९३४ मध्ये तोडगा निघाला तो अगदी बलुत्यासारखा देवाणघेवाणीचा. जपानने वर्षाला १५ लाख गाठी कापूस उचलला तर त्याला ४० कोटी वार कापड भारतात पाठवता येईल. पऱ्हाटीच्या बोंडाचा भाव आणि परक्या गिरणीतला वार असे एकाच कागदावर बांधले गेले.

त्या काळात भारतातल्या बाजारपेठांमध्ये जपानी मालाची ओळख ठरलेली होती: स्वस्त, आकर्षक, पण टिकणार नाही. खेळणी, काचेच्या वस्तू, कापड, कंदील यांच्याबद्दल गिऱ्हाईक असंच बोलायचं, आणि पुष्कळदा ते खरंही होतं. हौशी माणसाकडे कॅमेरा असलाच तर तो कोडॅकचा, एनसाइनचा, आग्फाचा किंवा ऐपत असेल तर झाईस इकॉनचा असे. जपानचे सेमी कॅमेरे मुख्यत्वे जपानी गिऱ्हाइकासाठीच बनत होते. त्यामुळे ज्या देशाला वऱ्हाड वर्षानुवर्षं रुई विकत होतं, त्याची ही बाजू वऱ्हाडच्या नजरेआडच राहिली. या भात्याच्या कॅमेऱ्यांत ती बाजू जशीच्या तशी जपलेली सापडते. नक्कल करता करता हात कसा तयार होतो, ते एकामागोमाग एक मॉडेल ठेवून पाहिलं की दिसतं.

या हाताची तयारी जुनी होती. कोनिशिरोकु ही त्यातली सर्वांत पुरातन पेढी. तिचं मूळ १८७३ पर्यंत जातं. १९०३ मध्ये तिने ‘चेरी’ कॅमेरा काढला, १९०९ मध्ये ‘पर्ल’, १९२५ मध्ये खिशात मावणारा ‘पर्लेट’. पर्लेट ही कोडॅकच्या ‘व्हेस्ट पॉकेट’ची उघड नक्कल होती, पण तिने सामान्य जपानी माणसाच्या हातात कॅमेरा दिला. कोनिशिरोकुने नुसते कॅमेरे विकले नाहीत. १९२३ मध्ये फोटोग्राफी शिकवणारं महाविद्यालय काढलं, १९२९ मध्ये ‘साकुरा’ ही देशी रोल फिल्म आणली आणि मग ‘हेक्सार’ ही स्वतःची लेन्स. शिक्षण, फिल्म, काच, डबा अशी सगळी साखळी एका घरात आणण्याची ही जिद्द वाखाणण्याजोगी आहे. १९३८ चा सेमी पर्ल हे तिचं फळ. ७५ मिलिमीटरची एफ ४.५ हेक्सार लेन्स लावलेला हा साधा, मजबूत कॅमेरा आजही संग्राहकांच्या आवडीचा आहे.

ऑलिंपसची गोष्ट तर सांगण्यासारखीच. १९१९ मध्ये ताकेशी यामाशिता यांनी ‘ताकाचिहो’ नावाचा कारखाना काढला तो सूक्ष्मदर्शकांसाठी. ताकाचिहो हा जपानी पुराणांतला देवांचा डोंगर. ग्रीकांचा देवांचा डोंगर ऑलिंपस, म्हणून १९२१ मध्ये मालाला ते नाव दिलं. १९३६ मध्ये ‘झुइको’ ही त्यांची पहिली फोटोग्राफीची लेन्स तयार झाली आणि दुसऱ्या एका कारखान्याच्या डब्यावर बसवून ‘सेमी ऑलिंपस’ बाजारात आला. किंमत १०५ येन. बँकेत नव्याने लागलेल्या पदवीधराचा महिन्याचा पगार तेव्हा सुमारे ७५ येन होता. म्हणजे जवळजवळ दीड महिन्याची कमाई.

त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं होतं. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेच्या खेळाडूंनी ऑलिंपिकच्या निमित्ताने तिथे कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखवले. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, ३१ जुलै १९३६ ला, बर्लिनमध्येच १९४० चं ऑलिंपिक टोकियोला देण्याचा निर्णय झाला होता. ते कधी झालंच नाही. चीनशी युद्ध पेटलं आणि १९३८ मध्ये जपानने यजमानपद परत केलं.

युद्धाने कॅमेऱ्यांचा धंदा आधी वाढवला आणि मग गिळला. परकीय चलन वाचवण्यासाठी १९३७ पासून परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर बंधनं आली. झाईस मिळेना, तेव्हा देशी कारखान्यांकडे गिऱ्हाईक वळलं आणि लहानमोठ्या सेमी कॅमेऱ्यांचं पीक आलं. त्यातले पुष्कळसे सुमार दर्जाचे होते, हेही नोंदवायला हवं. पण याच गर्दीतून १९४० मध्ये एक कॅमेरा निघाला ज्याला कोणाचीही नक्कल म्हणता येणार नाही.

तो म्हणजे सेइइची मामिया यांचा ‘मामिया सिक्स’. भात्याच्या कॅमेऱ्यांचं जुनं दुखणं फोकसचं होतं. लेन्सचं पुढचं भिंग तेवढं फिरवलं तर भिंगांमधलं नेमकं अंतर बिघडतं. सगळी लेन्स पुढेमागे सरकवावी, तर दांड्यांवर तोललेली ती जराशी हलली तरी घात होतो. मामियांनी प्रश्न उलटा करून पाहिला. लेन्स जागेवर घट्ट ठेवायची आणि मागे बसलेली फिल्मच पुढेमागे सरकवायची! कॅमेऱ्याच्या पाठीवर अंगठ्याखाली एक दातेरी चाक, ते फिरवलं की फिल्म सरकते आणि दृश्यदर्शकात दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर येऊन बसतात. चौकट सहा बाय सहाची. इतकी साधी, इतकी सुंदर कल्पना त्या सबंध दशकात दुसरी सापडत नाही.

वेळ मात्र वाईट होती. ७ जुलै १९४० ला जपान सरकारने ऐषआरामाच्या वस्तूंवर बंदी घातली, कारखाने लष्करी कामाला जुंपले गेले. १९४१ च्या जुलैअखेर ब्रिटन आणि भारत सरकारने जपानी मालमत्ता गोठवली आणि तो पन्नास वर्षांचा सागरी व्यापार तुटला. आखूड धाग्याच्या कापसाचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं, त्याची झळ वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला बसली. मिनोल्टाचे कारखाने बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले. मामिया सिक्स युद्धानंतरही बनत राहिला.

जपानी कॅमेरा पुढे भारतात आला तो वेगळ्या रूपात. लग्नसमारंभात छातीशी धरून, वरून डोकावून फोटो काढणारा फोटोग्राफर आणि त्याच्या हातातला दोन डोळ्यांचा याशिका हे दृश्य अमरावती-अकोल्याच्या दोन पिढ्यांना ठाऊक आहे. रोल तोच, १२० चा. जपानी माल टिकत नाही, हे वाक्य तोवर कोणी उच्चारत नव्हतं.

आता जुना सेमी कॅमेरा वऱ्हाडात बाळगायचा तर त्याची निगा कसून राखावी लागते. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपार जातो. त्यात भात्याचं चामडं वाळतं, घड्यांच्या कोपऱ्यांना सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि फिल्मवर धुरकट ठिपके उमटतात. वंगण पातळ होऊन शटरच्या पात्यांवर उतरतं. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत छोटा दिवा धरून कोपरे तपासायचे, छिद्र दिसलं तर ते बुजवायचं, आणि कॅमेरा कपाटात कोंडून न ठेवता अधूनमधून उघडून शटर मारत राहायचं.

एवढं केलं की तो चालतो. नवा १२० चा रोल नव्वद वर्षांच्या डब्यात बिनबोभाट बसतो. सुरुवातीच्या अनेक सेमी कॅमेऱ्यांच्या पाठीवर दोन लाल खिडक्या असतात, कारण सोळा फोटोंचे आकडे तेव्हा कागदावर छापलेले नसायचे. आठाच्या आकड्यांवरच भागवायचं. एकाचा आकडा पहिल्या खिडकीत आला की एक फोटो, तोच आकडा सरकत दुसऱ्या खिडकीत आला की दुसरा. मग दोन, मग तीन. आठाचा आकडा दुसऱ्या खिडकीत दिसला की सोळावा फोटो काढायचा, उरलेला काळा कागद शेवटपर्यंत गुंडाळायचा, सावलीत जाऊन झाकण उघडायचं आणि टोकाची चिकटपट्टी जिभेने ओली करून रोल बंद करायचा.